पोरांचं पुस्तक हाय का बे?

मे महिन्यातली दुपार, तीन वाजलेले, त्यात कारखान्यातली लाईट गेलेली. सोलापूरचं ऊन काय असतं ते मी सांगत बसत नाही. माग बंद पडले की आमच्याकडं जी शांतता होते ती ऐकण्यासारखी असते, दिवसभर खडखड ऐकून कान बधिर झालेले असतात आणि मग एकदम लांबच्या कावळ्याचा आवाज पण येतो. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. कॉम्प्युटर बंद म्हणजे माझं काम बंद, म्हणून जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. आमचा डाइंग मास्तर आला, बाटलीतलं पाणी अर्धं प्यायला, अर्धं डोक्यावर ओतून घेतलं आणि म्हणाला, काय वाचायलास?

मी सांगितलं. म्हटलं एक माणूस आहे, तो एका घरात राहतो, घर एवढं मोठं की त्याला शेवट कुठं सापडलेला नाही, दालनामागून दालन, सगळीकडं संगमरवरी पुतळे, खालच्या मजल्यात समुद्र भरलाय, वरच्या मजल्यात ढग हिंडतात, आणि तो रोज वहीत लिहून ठेवतो की आज काय बघितलं.

मास्तरनं जरा वेळ विचार केला. "पोरांचं पुस्तक हाय का बे?"

आता हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं, पण हा माणूस 'मृत्युंजय' तीनदा वाचलेला आहे. सूर्यापासून झालेला मुलगा, जन्मताच अंगावर कवच, कानात कुंडलं, नदीत सोडलेली पेटी, आणि हे सगळं तो स्वतः "मी कर्ण" म्हणून सांगतोय. ते वाचून मास्तर रडतो, खरंच रडतो, मी बघितलंय. ते मोठ्यांचं पुस्तक. आणि माझं पोरांचं. का, तर माझ्या पुस्तकातलं घर महाभारतात नाही.

तर हा लेख त्या पुस्तकाबद्दल आहे आणि त्या 'का बे'बद्दल पण आहे, कारण हा प्रश्न एकट्या मास्तरचा नाही. मराठीत आपण फँटसी म्हटलं की दोनच गोष्टी समजतो, एक तर लहान मुलांचं, नाहीतर इंग्रजी मीडियमच्या पोरांचं ते मोठमोठ्या मालिकांचं खूळ, सात भाग, नकाशे, तलवारी, ड्रॅगन. शाळा, पालक, वाचनालयं, साहित्य संमेलनं, सगळ्यांचं यावर एकमत आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की हे एकमत चुकीचं आहे आणि त्यात आपलंच नुकसान आहे.

आधी पुस्तक. नाव 'पिरानेसी', लेखिका सुझाना क्लार्क, इंग्लंडच्या. २०२० मध्ये आलं, २०२१ मध्ये त्याला तिकडचं विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन मिळालं. बाईंची पहिली कादंबरी २००४ मध्ये आली होती, ती जादूगारांवरची, चांगली विटेएवढी जाड, आणि नंतरची कादंबरी यायला १६ वर्षं लागली, मधल्या काळात त्या आजारी होत्या, सारखा थकवा राहणारा आजार, घराबाहेर पडणं अवघड. आणि मग ही अडीचशेच्या आसपास पानांची बारकी कादंबरी, जिच्यात एक माणूस एका घरात असतो आणि त्या घराबाहेर काही नसतं. लेखकाचं आयुष्य पुस्तकाला असं सरळ चिकटवू नये हे मला कळतं, पण हे वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही.

पिरानेसी हे नाव खरं तर एका इटालियन चित्रकाराचं, जोव्हानी बात्तिस्ता पिरानेसी, १७२० ते १७७८, त्यानं काल्पनिक तुरुंगांची चित्रं कोरली होती, प्रचंड कमानी, कुठंच न पोचणारे जिने. कादंबरीतल्या माणसाला हे नाव दुसऱ्यानं दिलंय. तो स्वतः काय म्हणतो, तर मला आठवतं त्याप्रमाणं हे माझं नाव नाही. बस, एवढंच म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. तुम्ही वाचताना तिथं अडखळता, अरे मग तुझं नाव काय, पण त्याला त्याचं काही वाटत नाही. इथूनच पुस्तक पकडतं.

त्याच्या मते जगात आजपर्यंत एकूण पंधरा माणसं होऊन गेली. एक तो, एक 'दुसरा', आणि तेरा मेलेले, म्हणजे तेरा जणांची हाडं त्याला घरात सापडलीत. तो त्या हाडांची काळजी घेतो, त्यांच्याशी बोलतो, त्यांना खायला-प्यायला नेऊन ठेवतो, पाण्यातली फुलं नेतो. आपल्याकडं सर्वपित्रीला पान वाढून कावळ्याची वाट बघतात ना, तसं, फक्त हा ते कोणी न शिकवता करतो. पश्चिमेला ९६० दालनं, उत्तरेला ८९०, दक्षिणेला ७६८ इथंवर तो जाऊन आलाय आणि सगळ्याची नोंद आहे. तो स्वतःला संशोधक समजतो आणि आहे पण, वह्यांना अनुक्रमणिका करणारा माणूस आहे, मी हिशोबाचा माणूस असल्यामुळं मला त्याबद्दल विशेष आदर.

आणि भरतीचं वेळापत्रक! घरात समुद्र आहे म्हटल्यावर भरती येणार, आणि ती वेगवेगळ्या बाजूंनी येते, वेगवेगळ्या जिन्यांवरून चढते, त्यानं सगळ्यांचं गणित मांडलंय. पुस्तक सुरूच तिथं होतं, आठ वर्षांतून एकदा तीन भरत्या एका जागी येतात ते बघायला तो जातो आणि जीव जाता जाता वाचतो. हे वाचताना मला हसू आलं, कारण आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं आणि आमच्या कॉलनीत अशी एक तरी बाई प्रत्येक गल्लीत आहे जिला विचारलं की ती डोळे मिटून सांगते, आज नाही, उद्या रात्री अडीचला, आधी खालच्या गल्लीत, मग आपल्याकडं, आणि या खेपेला प्रेशर कमी असणार. मोटर, टाकी, पिंप, कळशी, सगळं त्या गणितावर चालतं. बाहेरून येणाऱ्याला ते वेड वाटतं, इथं राहणाऱ्याला ते जग आहे. पिरानेसी मला तिथंच आपला वाटला, इटली आणि इंग्लंड राहिलं बाजूला.

त्याच्या वर्षांना आकडे नसतात, म्हणजे तो आकडे वापरत नाही, तो वर्षाला नाव देतो, नैर्ऋत्येच्या दालनांत अल्बाट्रॉस आला ते वर्ष. हा अल्बाट्रॉसचा प्रसंग वाचाच. मोठा समुद्रपक्षी, जोडी घरटं करायला बघतेय, आणि थंडीसाठी जपून वाळवलेलं शेवाळं, जे त्याचं जळण आहे, ते तो त्यांना घरट्यासाठी देऊन टाकतो, आणि हिशोब काय मांडतो, तर थोडे दिवस गारठलो तर काय बिघडलं, जगात एक नवीन अल्बाट्रॉस येतोय. माझी आज्जी वर्षं अशीच सांगायची. तुझा बाप बहात्तरच्या दुष्काळात दहा वर्षांचा होता, तुझ्या आत्याचं लग्न किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. तिच्याकडं १९९३ नव्हतं, तिच्याकडं पहाटे भांडी वाजली ती रात्र होती. आणि पक्ष्याचं म्हणाल तर शाळेत असताना आम्हाला नान्नजला माळढोक बघायला नेलं होतं, दिसला नाही, आता तर दिसला तर बातमी होते. माळढोक दिसला ते वर्ष, असं कोणाच्या आयुष्यात उरलंय का आता? असो, भरकटलो.

मुद्दा निवेदकाचा. हा जो सांगणारा आहे, तो आपल्यापेक्षा कमी जाणतो. 'दुसरा' आठवड्यातून दोनदा भेटतो, मंगळवारी आणि शुक्रवारी, तासभर. त्याचे कपडे इस्त्रीचे, हातात एक चकाकणारं यंत्र, त्यावर बोटं फिरवत असतो. आपल्याला लगेच कळतं हे काय आहे, पिरानेसीला कळत नाही. हा उपाशीतापाशी मासे आणि शेवाळं खाऊन राहतोय आणि तो दुसरा असा कडक, हे बघून आपल्या पोटात गोळा येतो, आणि पिरानेसी मात्र म्हणतो माझा मित्र किती चांगला, त्यानं मला बूट दिले. तुम्हाला वाटतं पुस्तकात शिरून याला हलवावं, अरे येड्या, बघ ना! पण तो येडा नाहीये. तो जे बघतो ते अगदी बरोबर लिहितो, एक शब्द खोटा नाही, फक्त त्या बघण्याचा अर्थ लावायला जे लागतं ते त्याच्याकडून कोणीतरी काढून घेतलंय. कोणी, कसं, ते मी सांगणार नाही.

मास्तरला मी ते पुस्तक दिलं. त्याला इंग्रजी जमतं, रंगाच्या केमिकलची माहितीपत्रकं सगळी इंग्रजीतच असतात, आणि या पुस्तकाची भाषा त्यापेक्षा सोपी आहे, रोजनिशीच्या लहान लहान नोंदी. आठ-नऊ दिवसांनी रात्री साडेअकराला फोन. मला वाटलं कारखान्यात काय झालं. तर म्हणतो, "तो दुसरा माणूस चोर हाय की बे." मी म्हटलं कशावरून, पिरानेसी तर म्हणतो चांगला आहे. "तो म्हणतो म्हणून काय, मला दिसायलंय की."

मला दिसायलंय की! बघा, दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर हाच माणूस. कोणीतरी भारदस्त आवाजात ऑडिओ पाठवतो, मी स्वतः अमुक हॉस्पिटलातून बोलतोय, नारळाच्या पाण्यात हळद घालून प्या, आणि मास्तर ते तीन ग्रुपवर ढकलतो. तिथं त्याला कधी वाटलं नाही की सांगणारा कोण, त्याला किती माहीत, तो काय झाकतोय. आणि इथं एका खोट्या घरातल्या खोट्या माणसाची वही वाचताना दहा दिवसांत त्याला ते आपोआप वाटलं. सांगणाऱ्यावर जीव पण जडलाय आणि त्याच्या सांगण्यावर लक्ष पण आहे, दोन्ही एकाच वेळी. हे नुसतं माहितीपर पुस्तक वाचून होत नाही, प्रेरणादायी पुस्तकानं तर नाहीच नाही, तिथं सांगणारा नेहमीच शहाणा असतो आणि आपण मान डोलवायची.

आता कोणी म्हणेल हे काम वास्तववादी कादंबरी पण करते की. करते. आणि मला तेच सांगायचंय, आपल्याकडं अशा निवेदकांची जुनी परंपरा आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' घ्या, १८९० च्या सुमारास 'करमणूक'मध्ये क्रमशः यायला लागली, यमू स्वतः आपली गोष्ट सांगते. सुरुवातीची लहानगी यमू जे बघते ते तिला नीट कळत नाही, आपल्याला कळतं, आणि म्हणून घशात आवंढा येतो. घर हेच जग, घरातले सांगतील तोच नियम, बाहेर काही असतं हेच माहीत नाही. आता हे वाक्य परत वाचा आणि सांगा मी यमूबद्दल बोलतोय का पिरानेसीबद्दल. फरक आहे, यमूला घर सासुरवास म्हणून मिळालं आणि ती हळूहळू जागी होत जाते, पिरानेसी स्वतःला घराचं लाडकं लेकरू समजतो आणि त्याचं जागं होणं वेगळंच आहे. पण नातं आहे. मग खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची, ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात. म्हातारपण मुलाला देऊन त्याचं तारुण्य घेणारा राजा! १९७४ मध्ये ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ चं, त्यात तर सहा जण बोलतात. नेमाड्यांच्या 'कोसला'त, १९६३, पांडुरंग सांगवीकर, तो तर घर, हॉस्टेल, सगळ्याचंच हसं करत सांगतो. म्हणजे 'मी' म्हणून बोलणारा विचित्र माणूस मराठी वाचकाला नवीन नाही, अद्भुत पण नवीन नाही. नवीन काय आहे, तर अद्भुत असून पुराणातलं नाही, हे आपल्याला पचत नाही.

आणि सगळ्यात मोठी गंमत सांगतो. आपण ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्दच कुठून आला? बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून. सातव्या शतकातला, हर्षवर्धनाच्या दरबारातला बाण. त्या 'कादंबरी'त काय आहे, तर शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या सोन्याच्या पिंजऱ्यात पोपट घेऊन येते. पोपट उजवा पाय उचलून राजाला श्लोक म्हणून दाखवतो आणि मग आपली गोष्ट सांगायला लागतो. पोपट! गोष्टीत गोष्ट, मेलेले परत जन्म घेतायत, चंद्र पृथ्वीवर येतोय, आणि ज्याला गोष्ट सांगतायत तो राजा स्वतःच त्या गोष्टीतला निघतो, त्याला पत्ता नाही. बाण ते पुरं करायच्या आधीच गेला, राहिलेलं मुलानं पुरं केलं.

त्यातला एक तुकडा माझ्या मनातून जात नाही. पोपट सांगतो, मी पिल्लू होतो, म्हातारा शिकारी झाडावर चढला, माझ्या बापाला मारून खाली टाकलं, मी त्याच्या पंखाखाली होतो, वाळक्या पानांवर पडलो म्हणून वाचलो, आणि बाप मरून पडला असताना मी जीव वाचवायला खुरडत खुरडत पळालो. आणि स्वतःची लाज वाटून म्हणतो, जगण्याचा लोभ बघा किती. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी एका लेखकानं हे पोपटाच्या तोंडी घातलं. माणसाच्या तोंडी घातलं असतं तर आपण म्हटलं असतं रडगाणं, पोपटानं म्हटल्यावर काळजात घुसतं. निवेदक विचित्र असला की नेमकं हे होतं, आपण सावध नसतो.

म्हणजे ज्या भाषेत कादंबरीचं नावच पोपटानं सांगितलेल्या अद्भुत गोष्टीवरून पडलंय त्या भाषेत आपण फँटसीला परकी म्हणतो. मी हे मास्तरला सांगितलं. शेजारी आमचा कन्नड बोलणारा पॅकिंगवाला होता, तो म्हणाला आमच्यात पण कादंबरीच म्हणतात. मास्तर तेलुगू घरातला, तो म्हणाला आमच्यात नवल म्हणतात. आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो. ते नवल तेलुगूत इंग्रजी नॉव्हेलवरूनच आलंय, पण मराठी कानाला नवल म्हणजे काय? सोलापुरात राहण्याचा हा फायदा, एका जिन्यावर तीन भाषा बसलेल्या असतात आणि चूक म्हणून का होईना बरोबर उत्तर निघतं.

आता गड्ड्याच्या यात्रेचं, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेचं. जपून बोलतो कारण श्रद्धेचा विषय आहे आणि माझी पण आहे. दर संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं, म्हणजे त्यांच्या हातातल्या काठीचं, लग्न लागतं. कुंभाराच्या मुलीला सिद्धेश्वरांशीच लग्न करायचं होतं, ते योगी, म्हणून योगदंडाशी लग्न लावून दिलं ही कथा. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, ६८ लिंगांना प्रदक्षिणा होते, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि संमती कट्ट्याजवळ सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम् झालं की अक्षता पडतात, पाय ठेवायला जागा नसते. बाराव्या शतकातली ती मुलगी, तिचं लग्न आम्ही दरवर्षी लावतो आणि आमच्या बायका घरून निघताना लग्नाला जायचंय असंच म्हणतात. याला मी फँटसी म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की ज्या गावाला काठीच्या लग्नाला जाऊन डोळ्यांत पाणी आणता येतं, त्या गावानं 'असं कुठं असतंय का' हे वाक्य जरा जपून वापरावं. पिरानेसी त्याच्या घराबद्दल ज्या सुरात बोलतो ना, घर सुंदर आहे, घर मायाळू आहे, घरानं मला आज मासे दिले, तो सूर मला ओळखीचा वाटला तो यामुळंच.

या सुरावरून आठवलं. इंग्रजीत लेखिकेनं एक युक्ती केलीय, पिरानेसी घर, पुतळे, भरती असे शब्द मोठ्या अक्षरानं सुरू करून लिहितो, जुन्या काळच्या इंग्रजीसारखं, त्यामुळं प्रत्येक वस्तूला मान मिळतो. देवनागरीत मोठं अक्षर नाही. मग मराठीत हे कसं आणायचं? मी यावर बराच वेळ घालवला, कोणी विचारलेलं नसताना. ठळक टाइप म्हणजे शाळेचं पुस्तक होईल. आदरार्थी करावं तर 'घर आले, घर बसले' विनोदी होतं. मला वाटतं उत्तर पंढरपूरच्या रस्त्यावर आहे, वारकरी समोर येणाऱ्या प्रत्येकाला माउली म्हणतो, तोच शब्द देवाला, तोच अनोळखी माणसाला. कोणी भाषांतर केलं तर पिरानेसीच्या मराठीला हा वळसा द्यावा, माउली हा शब्द न वापरता तो लडिवाळपणा यावा. कठीण आहे. पण इंग्रजी थरारक कादंबऱ्यांची आणि श्रीमंत व्हायच्या पुस्तकांची भाषांतरं पटापट निघतात, तर एवढं कठीण एखाद्यानं अंगावर घ्यायला काय हरकत आहे.

दोष पण सांगतो, नाहीतर म्हणाल जाहिरात करतोय. पहिली चाळीसएक पानं डोकं फिरतं, कुठल्या दालनातून कुठं चाललाय काही कळत नाही, कळायची गरज पण नाही पण ते आधी कोणी सांगत नाही. मधे जेव्हा काय घडलंय ते उलगडायला लागतं तेव्हा पुस्तक थोडा वेळ साध्या रहस्यकथेसारखं चालतं, मला ती घाई आवडली नाही. आणि ज्याला गोष्टीत खूप माणसं लागतात, लग्नं, भांडणं, जेवणावळी, त्याला हे कोरडं वाटेल, इथं दोन माणसं आणि हाडं आहेत. फँटसी म्हणून जे काय छापलं जातं त्यातलं बरंचसं भुसा असतं हे पण खरंय, तोच राजकुमार, तीच भविष्यवाणी, तिसऱ्या भागात कळतं खलनायक बापच होता. पण भुसा वास्तववादी पण असतो, त्यावरून आपण सगळ्या कौटुंबिक कादंबऱ्या बालविभागात टाकत नाही.

बालविभागावरूनच पुढचं. आमच्या भागातल्या एका वाचनालयात मी या पुस्तकाची एक प्रत दिली. वाचनालयात गर्दी असते पण ती अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी सातला डबा घेऊन येतात ती रात्री जातात, कपाटांकडं कोणी बघत नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांच्या डोक्यावर काय आहे मला माहीत आहे. पण त्यातल्या एकाला मी विचारलं गोष्टीचं काही वाचतोस का, तर तो म्हणाला, काका, त्याचा उपयोग काय? अगदी प्रामाणिकपणे विचारलं, मला काही सुचलं नाही.

नंतर घरी येऊन सुचलं, नेहमीसारखं. हा तर त्या 'दुसऱ्या'चाच प्रश्न. कादंबरीतला दुसरा माणूस त्या अफाट घरात एक महान गुप्त ज्ञान शोधत असतो, त्यातून सत्ता मिळणार, काय काय मिळणार. घर त्याच्यासाठी एक कोडं आहे, उत्तर मिळालं की फेकून द्यायचं. पिरानेसी पण त्याला मदत करतो, आणि मग एके दिवशी चांदण्यात एक दालन बघताना त्याला कळतं की घराला आणखी काही असायची गरजच नाही, घर आहे हे पुरेसं आहे, ते कशाचं साधन नाही. मला हे पान सगळ्यात आवडलं. आणि इथं माझीच पंचाईत होते हे मला दिसतंय. वर मी व्हॉट्सअ‍ॅपचं उदाहरण देऊन फँटसीचा उपयोगच सांगत बसलो होतो, सांगणाऱ्यावर लक्ष ठेवायला शिकाल वगैरे. म्हणजे मी पण त्या दुसऱ्याच्याच पक्षात. काय करणार, पालकांना, शाळांना, वाचनालयाच्या कमिटीला पटवायचं तर उपयोगाच्या भाषेतच बोलावं लागतं, त्याशिवाय बजेट निघत नाही. तर त्यांच्यासाठी तो मुद्दा. तुमच्यासाठी हा, की घरात समुद्र आहे आणि एक माणूस त्याची भरती वहीत लिहितोय, यात मजा आहे.

मागणी माझी फार मोठी नाही. मराठी वाचनालयांनी नवीन पुस्तकं घेताना चरित्र, ऐतिहासिक, स्पर्धा परीक्षा आणि स्वयंपाक याच्या पलीकडं वर्षाला दोन-चार पुस्तकं मोठ्यांच्या अद्भुताची घ्यावीत, आणि ती मोठ्यांच्या कपाटात ठेवावीत. शाळेत नववी-दहावीला मुलांना विचारावं की ही गोष्ट कोण सांगतंय आणि तुम्ही त्याचं का ऐकताय, त्याला वेगळं पुस्तक पण लागत नाही, यमू चालेल, पोपट चालेल. आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी, ज्यांना असं काही सुचतं पण लोक हसतील म्हणून जे वहीत ठेवतात, त्यांनी लिहावं. सोलापुरात एवढे बंद पडलेले माग आहेत, एवढ्या चाळी, आत बघायला कोणी जात नाही अशी दालनं. त्यात कोण राहत असेल?

मी दिलेली प्रत महिन्याभरानं बघायला गेलो तर कपाटात नव्हती. शोधली तर बालविभागात, मुखपृष्ठावर बासरी वाजवणारा शिंगवाला प्राणी आहे म्हणून तिकडं ठेवलेली. मी उचलून कादंबऱ्यांत ठेवली. पुढच्या खेपेला परत बालविभागात. असं तीनदा झालं, ग्रंथपाल आणि मी एकमेकांना एक शब्द बोललो नाही. चौथ्या खेपेला दोन्हीकडं नव्हती. रजिस्टर बघितलं तर कोणीतरी नेलेली, परत द्यायची तारीख उलटून सव्वा महिना झाला होता. ग्रंथपाल म्हणाले दंड लावतो, फोन करतो. मी म्हटलं राहू द्या, अजून वाचत असेल.